एकदाच दाबलं होतं! डिबाउन्स आणि थ्रॉटलची गोष्ट

या भागाचं शब्दांकन खाली देतोय. बोलताना जिथे अडखळलो ती वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.

आजची गोष्ट माझ्या बाबांच्या एका मेसेजपासून सुरू होते. ते एसटीने गावाला गेले होते. मी म्हटलं होतं, पोचलात की कळवा. संध्याकाळी मेसेज आला, "ममी पपोचलो. गगाडीला गर्दी नव्हती." मी हसणारा इमोजी टाकला आणि विसरलो. रात्री फोन केला तेव्हा म्हणाले, "अरे, मी एकदाच दाबतो रे. हा फोनच दोनदा लिहितो."

फोन म्हणतो, दोनदा दाबलं. बाबा म्हणतात, एकदाच. खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलतायत. गेली काही वर्षं बाबांचा हात थरथरतो. बोट काचेला टेकतं, किंचित उचललं जातं आणि पुन्हा टेकतं. काचेला दोन स्पर्श झाले हे खरं. बाबांनी एकच अक्षर लिहायचं ठरवलं होतं हेही खरं.

गंमत अशी की मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो आणि हा प्रश्न ऑफिसात दर आठवड्याला सोडवतो. त्याला आमच्या भाषेत नाव आहे, तयार फंक्शन आहे, एका ओळीत काम होतं. पण ती ओळ आणि बाबांचा हात यांचा काही संबंध असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. शोधायला लागलो, तर हा संबंध माझ्या जन्माच्या आधीपासूनचा निघाला. आज तोच इतिहास सांगतो.

वडाप आणि एसटी

आधी मूळ भानगड समजून घेऊ. तुमच्या फोनमधलं जवळजवळ प्रत्येक अॅप बहुतेक वेळ काहीच करत नसतं. ते नुसतं वाट बघत असतं. तुम्ही बोट टेकवलं, अक्षर टाइप केलं, स्क्रीन वर सरकवली, की ती एक घटना होते. आम्ही तिला इव्हेंट म्हणतो. इव्हेंट झाला की अॅपमधलं ठरलेलं फंक्शन हाक मारल्यासारखं जागं होतं, काम करतं आणि परत झोपतं.

अडचण कुठे येते? इव्हेंट स्वतःच्या वेगाने येतात आणि फंक्शन स्वतःच्या वेगाने काम करतं. अंगठ्याने एकदा जोरात स्क्रोल केलंत तर डझनांनी इव्हेंट सुटतात. किंवा सर्चमध्ये "कोल्हापूर" लिहा. मराठी कीबोर्डवर क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र, अशी ९ बटणं होतात. प्रत्येक बटणाला सर्व्हरकडे विचारणा गेली, तर ९ खेपा झाल्या. त्यातल्या ८ अर्धवट शब्दांसाठी, म्हणजे फुकट.

मग प्रत्येक हाकेला ओ द्यायची नाही, हे ठरलं. पण कुठल्या हाकेला द्यायची? यासाठी दोन जुन्या रीती आहेत, आणि त्या एसटी स्टँडवर सगळ्यात छान कळतात.

पहिली रीत वडापवाल्याची. खरा वडापवाला गाडी खचाखच भरल्याशिवाय हलत नाही, ते सोडा. आपल्या वडापवाल्याचा नियम असा समजा: शेवटचा माणूस चढला की पाच मिनिटं थांबायचं. पाच मिनिटांत कोणी आलं नाही तर निघायचं. चौथ्या मिनिटाला कोणी धावत आलं, तर पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. याला म्हणतात डिबाउन्स. गडबड पूर्ण थांबली की मग एकदाच काम.

दुसरी रीत एसटीची. दर अर्ध्या तासाला गाडी. फलाटावर दोन माणसं असोत की दोनशे, वेळ झाली की सुटणार, आणि मधे कितीही आरडाओरडा केलात तरी जादा गाडी नाही. हा झाला थ्रॉटल. गडबड चालू असतानाच, पण ठरावीक अंतराने काम.

सर्चला वडाप बरा. तुम्ही टाइप करायचं थांबलात की एकदाच शोध. स्क्रोलला एसटी बरी. तिथे वडाप लावला तर तुमचा अंगठा थांबेपर्यंत खालच्या पोस्ट लोडच होणार नाहीत.

तिसरा एक प्रकार बटणांसाठी वापरतात. पहिल्या दाबण्याला लगेच ओ द्यायची आणि नंतर थोडा वेळ दार बंद. तोही डिबाउन्सच, फक्त काम शेवटी होण्याऐवजी सुरुवातीला होतं. हा तिसरा प्रकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पत्र्याचे टप्पे

डिबाउन्स हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये जन्मला नाही. तो आला विजेच्या बटणांकडून. बाउन्स म्हणजे टप्पा. रबरी चेंडू जमिनीवर टाकला की एकदा आपटून गप्प बसत नाही, चार-पाच टप्पे घेतो. बटणाच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांचंही तेच होतं. तुम्ही बटण दाबता, पट्टी पट्टीवर आपटते, किंचित उडते, परत आपटते. वीज जोडली जाते, तुटते, परत जोडली जाते. मग सगळं शांत होतं.

दिव्याच्या बटणाला याने काही फरक पडत नाही. दिवा इतक्या झटपट चालू-बंद होताना दिसतही नाही. पण बटणाच्या पलीकडे कॉम्प्युटर बसवला की पंचाईत होते, कारण तो सेकंदाला हजारो वेळा बटणाकडे बघू शकतो. त्याला प्रत्येक टप्पा वेगळा दिसतो. तुम्ही एकदा दाबता, तो पाच मोजतो.

जॅक गॅन्सल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने वेगवेगळी बटणं गोळा करून हे टप्पे मोजले होते. बहुतेक बटणं काही मिलिसेकंदांतच शांत झाली. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पण एका बटणाने तब्बल १५७ मिलिसेकंद घेतले. दिसायला साधंच बटण. म्हणजे किती थांबायचं हे बटणाकडे बघून कळत नाही, मोजावं लागतं.

हा प्रश्न कारखान्यांच्या आणि प्रयोगशाळांच्या बाहेर, सामान्य माणसाच्या टेबलावर आला तो १९७७मध्ये. त्या वर्षी अमेरिकेत टँडी कंपनीने रेडिओ शॅक या तिच्या दुकानांतून टीआरएस-८० हा घरगुती कॉम्प्युटर विकायला काढला. स्क्रीन आणि कॅसेट रेकॉर्डरसकट ५९९ डॉलर, मेमरी ४ किलोबाइट. आज तुमच्या व्हॉट्सअॅपमधला एक स्टिकरसुद्धा त्यात मावणार नाही. लोकांनी हौसेने घेतला, आणि टाइप करायला बसल्यावर अक्षरं दोन-दोनदा उमटायला लागली. बोट एकदाच दाबतंय, स्क्रीनवर मात्र दोन. अगदी बाबांची तक्रार.

कंपनीने त्यावर जो उपाय काढला तो मला फार आवडतो. त्यांनी एक कॅसेट दिली. गाण्यांच्या असायच्या तसलीच, पण त्यात एक छोटा प्रोग्राम होता. तो कॉम्प्युटरमध्ये चढवला की कीबोर्ड तपासण्याची पद्धत बदलायची: एक अक्षर आल्यावर लगेच तेच अक्षर परत आलं तर ते टप्पा समजून सोडून द्यायचं, आणि एकूणच बटणांकडे जरा सावकाश बघायचं. कॉम्प्युटर बंद केला की मेमरी पुसली जायची, म्हणून परत चालू केल्यावर परत कॅसेट लावायची. पुढे हा उपाय कॉम्प्युटरच्या कायमच्या मेमरीतच घातला गेला आणि कीबोर्डही सुधारला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बिघाड लोखंडात होता, दुरुस्ती मात्र वेळेत केली गेली. पत्रा उडतोय, उडू दे. आपण थोडं थांबू. साधारण २० मिलिसेकंद थांबलं तर बहुतेक टप्पे संपतात, आणि सेकंदाचा पन्नासावा भाग माणसाला जाणवतही नाही. माणूस सावकाश आहे आणि यंत्र चपळ आहे, या दोघांमधल्या फटीत हा सगळा कारभार बसतो.

आणि हा प्रश्न जुन्या काळाबरोबर संपला असं समजू नका. २०१८च्या जून महिन्यात अॅपलने आपल्या काही मॅकबुकच्या कीबोर्डसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. पातळ, नव्या पद्धतीच्या त्या कीबोर्डमध्ये काही अक्षरं आपोआप दोनदा उमटत होती. दुरुस्तीची वाट न बघता काही प्रोग्रामरनी छोटी सॉफ्टवेअर लिहून फुकट वाटली: तेच अक्षर फार लवकर परत आलं तर ते गाळून टाकायचं. टीआरएस-८०ची कॅसेट, ४१ वर्षांनी, नव्या कपड्यात.

एकच आचारी

आता आपण बटणाच्या पट्ट्या सोडून ब्राउझरकडे येऊ. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली, तीही पहिल्या रूपात अवघ्या १० दिवसांत. वेबपेजवर काही घडलं की छोटंसं काम करायचं, एवढाच तिचा मूळ हेतू. सुरुवातीला पेजवर घडतही फार नव्हतं. फॉर्म भरा, बटण दाबा, नवं पेज यायची वाट बघा.

डिसेंबर २००४मध्ये गूगलने 'गूगल सजेस्ट' दाखवलं. तुम्ही टाइप करता करताच खाली सुचवण्या येतात, ते. आज त्याचं कोणाला कौतुक नाही, पण तेव्हा पेज न बदलता प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरशी बोलणं ही जादू होती. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००५मध्ये, जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिलं आणि सगळे तेच करायला लागले.

इथून हाकांचा पूर सुरू झाला. आणि जावास्क्रिप्टच्या स्वयंपाकघरात आचारी एकच आहे. तो पोहे परततोय तोवर चहा टाकू शकत नाही. तुमचं फंक्शन आणि स्क्रीनचं हलणं, दोन्ही त्याच्याच हातात. फंक्शन रेंगाळलं की स्क्रीन गोठते. मग तुम्ही वैतागून अजून चार वेळा दाबता, त्या चार ऑर्डरीही त्याच्याच रांगेत लागतात.

शहाणे प्रोग्रामर यावर आपापल्या परीने उपाय करत होते. टायमर लावायचा, नवा इव्हेंट आला की जुना टायमर रद्द करायचा, परत लावायचा. पण याला नाव नव्हतं. नाव नसलं की प्रत्येक जण तेच पुन्हा शोधून काढतो, आणि बहुतेक वेळा थोडं चुकीचं.

मार्च २००९मध्ये जॉन हॅन या प्रोग्रामरने याच युक्तीवर लेख लिहिला आणि इलेक्ट्रॉनिक्समधला शब्द उचलून तिला डिबाउन्स म्हटलं. मला हे फार अचूक वाटतं. स्क्रोल करणारा अंगठा ब्राउझरच्या नजरेने उडणारी पट्टीच आहे. पुढच्या वर्षी, २०१०मध्ये, बेन आल्मन यांनी जेक्वेरी या लोकप्रिय लायब्ररीसाठी एक छोटं प्लगइन काढलं. त्यात थ्रॉटल आणि डिबाउन्स ही दोन फंक्शनं शेजारी शेजारी ठेवली होती, दोघांतला फरक सांगून. वडाप वेगळा, एसटी वेगळी.

थ्रॉटल हा शब्दही इंजिनातूनच आला. बाईकवाले "थ्रॉटल दे" म्हणतात तेव्हा वेग वाढवा असा अर्थ असतो. पण मुळात थ्रॉटल म्हणजे आवळणं, गळा दाबणं. वाफेच्या इंजिनात किती वाफ आत सोडायची ते रोखणारी ती झडप. जेम्स वॉटने १७८८मध्ये इंजिनाला फिरते गोळे जोडले होते. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जायचे आणि झडप आपोआप आवळली जायची. मूठ पिळून वेग वाढवतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर आवळलेला गळा आपण थोडा सैल करत असतो.

नावं मिळाली, तरी धडा बसायला एक फजिती लागली. जानेवारी २०११मध्ये ट्विटरची वेबसाइट एकदम जड झाली. स्क्रोल करायला जावं तर पान अडकत अडकत सरकायचं. जेक्वेरीचे निर्माते जॉन रेसिग यांनी कारण शोधून जाहीरपणे मांडलं. ट्विटरने जेक्वेरीची आवृत्ती बदलली होती आणि नव्या आवृत्तीत पानातला एखादा भाग शोधण्याचं एक काम हळू झालं होतं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. खाली आणखी ट्विट जोडायचे का हे बघण्यासाठी ते शोधाचं काम स्क्रोलच्या प्रत्येक इव्हेंटला नव्याने केलं जात होतं. एकदा केलं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. अंगठ्याच्या एका झटक्यात डझनांनी वेळा केल्यावर पान गुडघ्यावर आलं.

रेसिग यांनी सुचवलेला उपाय एखाद्या शहाण्या आजीने सांगावा इतका साधा आहे. इव्हेंट आला की काम करू नका, फक्त भिंतीवर एक खूण करा: "स्क्रोल झालं". मग दर २५० मिलिसेकंदांनी भिंतीकडे बघा. खूण दिसली तर ती पुसा आणि काम एकदा करा. हीच आपली एसटी.

त्यानंतर अंडरस्कोर आणि लोडॅशसारख्या लायब्ररींमुळे ही दोन फंक्शनं सगळ्यांच्या हाताशी आली. लोडॅशच्या डिबाउन्समध्ये तर जास्तीत जास्त किती थांबायचं तेही सांगता येतं. म्हणजे माणसं येतच राहिली तरी वडापवाल्याने कधीतरी निघायलाच हवं. ज्याने कोणी ही सोय सुचवली त्याने आयुष्यात कधीतरी स्टँडवर वाट बघितली असणार, असं मला उगाचच वाटतं.

सगळ्यांचे ३०० मिलिसेकंद

थांबणं फुकट नसतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या खिशातल्या फोनचंच आहे.

२००७मध्ये आयफोन आला तेव्हा वेबसाइट मोठ्या स्क्रीनसाठी बनवलेल्या असायच्या. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसायची. म्हणून सोय केली: दोनदा टॅप करा, तो भाग मोठा होईल. सोय उत्तम. पण ब्राउझरपुढे पेच पडला. तुम्ही लिंकवर एकदा टॅप केलंत. ही लिंक उघडायची आहे, की दुसरा टॅप येतोय? हे समजायला थांबण्यावाचून मार्ग नव्हता. तो साधारण ३०० मिलिसेकंद थांबायचा. बाकीच्या फोनच्या ब्राउझरनीही तेच उचललं.

म्हणजे काही जणांनी कधीतरी दोनदा टॅप करावं, यासाठी जगातला प्रत्येक माणूस प्रत्येक लिंकवर सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबत होता. वेबसाइट अॅपपेक्षा मंद वाटतात, ही तक्रार तेव्हा सगळीकडे होती आणि हे त्याचं एक मोठं कारण होतं. फायनान्शियल टाइम्स या वृत्तपत्राच्या तांत्रिक टीमने फास्टक्लिक नावाची लायब्ररी काढली. तिचं काम एकच, हे थांबणं टाळणं.

खरा तोडगा निघाला तो प्रश्नच बदलून. पेज जर आधीच सांगत असेल की "मी फोनच्या रुंदीत बसतो", तर दोनदा टॅप करून मोठं करायची गरजच कुठे उरते? अँड्रॉइडवरच्या क्रोमने २०१४मध्ये आणि आयफोनच्या सफारीने २०१६मध्ये अशा पेजवरचं हे थांबणं काढून टाकलं.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की डिबाउन्स काय करतो. तो वेळ बघून मनातलं ओळखायचा प्रयत्न करतो. दोन टॅपमध्ये अंतर कमी, म्हणजे यांचा हेतू एकच. अंतर जास्त, म्हणजे हेतू दोन. हा निव्वळ अंदाज आहे. बहुतेक वेळा बरोबर येतो, म्हणून आपण त्याला नियम समजून बसतो.

माझी चूक

हा अंदाज माझ्याच अंगाशी आलेला सांगतो. नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी एका बुकिंगच्या अॅपवर काम होतं. "बुक करा" या बटणावर लोक दोनदा दाबतील, म्हणून मी मघाशी सांगितलेला तिसरा प्रकार लावला. पहिल्या दाबण्याला ओ, मग ३०० मिलिसेकंद दार बंद. ३००च का? कारण सगळे तेवढेच टाकतात. ऑफिसच्या वायफायवर मस्त चाललं.

मग एका बाईंची तक्रार आली. त्यांचे पैसे दोनदा कापले गेले होते. नेटवर्क रेंगाळत होतं, स्क्रीनवर काहीच हललं नाही, दोन सेकंद वाट बघून त्यांनी परत दाबलं. माझं दार तोवर कधीच उघडलं होतं. पैसे परत मिळायला दिवस लागले. त्या महिनाअखेरीला त्यांनी ते कसं निभावलं, मला माहीत नाही.

३००चे ३००० केले असते तर? तरी चौथ्या सेकंदाला कोणीतरी दाबलंच असतं. पैशाच्या बाबतीत वेळेवरून अंदाज बांधणं हीच चूक होती. तिथे उपाय वेगळा असतो. बुकिंगचं पान उघडताच त्याला एक नंबर द्यायचा. दहा वेळा दाबलं तरी दहाही वेळा तोच नंबर जातो, आणि सर्व्हर म्हणतो, हा नंबर मी बघितलाय, हे काम झालंय. त्याला घड्याळाकडे बघावंच लागत नाही. बटण दाबल्यावर लगेच "थांबा, काम चालू आहे" असं दाखवणं हा त्याच्या जोडीचा उपाय. माणूस परत दाबतो तो बहुतेक वेळा उत्तर न मिळाल्यामुळे.

ज्यांनी हात बघितला

आता बाबांकडे परत येतो. त्यांच्या हाताला डॉक्टर इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. काही करायला गेलं की हात थरथरतो. याची गती साधारणपणे सेकंदाला ४ ते १२ वेळा असते. जरा हिशेब करा. सेकंदाला ५ वेळा म्हणजे दोन थरथरींमध्ये २०० मिलिसेकंद. पत्र्याच्या टप्प्यांसाठी आपण २० मिलिसेकंद थांबत होतो. त्या मापात बाबांचं दुसरं टेकणं बसतच नाही. यंत्र त्याला ठामपणे नवं दाबणं समजतं.

मग वाटलं, हे माझ्या आधी कोणाला सुचलंच नसेल का? सुचलं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ट्रेस सेंटर नावाचं केंद्र होतं. ग्रेग व्हँडरहायडेन आणि त्यांचे सहकारी तिथे एकच प्रश्न घेऊन बसले होते: ज्यांचे हात आपल्यासारखे चालत नाहीत, त्यांनी कॉम्प्युटर कसा वापरायचा? त्यांनी केलेल्या सोयींपैकी एकीचं नाव बाउन्स कीज. तेच बटण ठरावीक वेळेच्या आत परत दाबलं गेलं तर ते मोजायचं नाही. पत्र्याचा उपाय त्यांनी हाताला लावला, आणि किती थांबायचं ते वापरणाऱ्याला ठरवू दिलं. या सोयी पुढे विंडोज ९५मध्ये आल्या, आणि विंडोजमध्ये आजही आहेत. तिथे बाउन्स कीजचा वेळ अर्ध्या सेकंदापासून सुरू होतो, म्हणजे ५०० मिलिसेकंद. २०० त्यात आरामात बसतात.

तुम्हीही या सोयींना भेटला आहात. सायबर कॅफेत गेम खेळताना शिफ्ट पाच वेळा दाबली की मधेच एक खिडकी उघडायची आणि आपण शिव्या घालून ती बंद करायचो, आठवतंय? ती याच कुटुंबातली. आणि उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज चालू होतं, बाउन्स कीज त्याच्याच पोटात आहे. आम्ही ज्याला कटकट म्हणत होतो, ते कोणाचं तरी कीबोर्डपर्यंत पोचणं होतं.

फोनमध्येही हे आहे. आयफोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये टच अॅकोमोडेशन्स नावाच्या भागात "इग्नोर रिपीट" असतं. सॅमसंगच्या फोनमध्ये वारंवार होणारे स्पर्श दुर्लक्षित करायची सोय तिथेच सापडते. मी बाबांच्या फोनवर ती चालू केली. त्यांना अक्षर शोधायलाच सेकंद लागतो, त्यामुळे अर्धा सेकंद थांबणं त्यांना जाणवतही नाही.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. एकही अक्षर जास्तीचं नव्हतं. "मी आज बनकडे जेवलो. शीपण आला होता."

बबनकाका आणि शशीकाका. एकच अक्षर लागोपाठ दोनदा हवं असतं तेव्हा बोट तिथेच असतं, म्हणून ते पटकन दाबतात, आणि दुसरा ब, दुसरा श फोन थरथर समजून गिळून टाकतो. मी फोन केला आणि म्हटलं, "बाबा, शशीकाकांचं नाव लिहिताना मधे जरा थांबत जा." ते म्हणाले, "म्हणजे फोनला कळायला मी थांबायचं होय?" मग हसले आणि म्हणाले, "चालेल. थांबणं माझ्या हातात आहे, थरथरणं नाही."

थोडंसं माप कमी करून बघितलं. शेवटी ४०० मिलिसेकंदांच्या आसपास जमलं. बबनकाका पूर्ण यायला लागले, शशीकाका अजून कधीकधी अर्धे येतात.

ऑफिसात हल्ली मी तो आकडा डोळे झाकून टाकत नाही. आधी विचारतो: हे फंक्शन कोणासाठी थांबतंय? यंत्रासाठी थांबत असेल तर मोजून टाकायचं. पैशाचं असेल तर घड्याळावर सोडायचंच नाही. आणि माणसाच्या हातासाठी असेल, तर तो आकडा त्या माणसाला बदलता आला पाहिजे.

तुमच्या घरात कोणी "मी एकदाच दाबतो, फोनच दोनदा लिहितो" असं म्हणत असेल, तर हसणारा इमोजी टाकण्याआधी त्यांचा फोन हातात घ्या, अॅक्सेसिबिलिटी सेटिंग उघडा आणि त्यांच्या शेजारी बसून आकडा लावा. पाच मिनिटांचं काम आहे. मला वर्ष लागलं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.